झाड हिरवंगार, पण फूल नाही: मोगरा, चाफा, शेवंती, अनंत अडून का बसतात

माझ्या गच्चीवरचा मोगरा तीन वर्षं हिरवागार होता. पानं अशी तुकतुकीत की येणाऱ्याजाणाऱ्याने कौतुक करावं, आणि कळी एकही नाही. पहिल्या वर्षी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. दुसऱ्या वर्षी शेंगदाण्याची पेंड भिजवून दर आठवड्याला तिचं पाणी घातलं, कारण जो तो तेच सांगत होता. पानं आणखी मोठी झाली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये वसईची आत्या आली. तिने एक पान चिमटीत धरून पाहिलं, कुंडीत बोट खुपसलं, ओलं निघालेलं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "अगं, याला थंडीत उपाशी ठेवायचं असतं. तू तर रोज पंगत वाढतेयस."

फूल येत नाही म्हटलं की आपला हात आधी खताच्या डब्याकडे जातो. आता इतकी वर्षं कुंड्या सांभाळल्यावर माझा अनुभव असा की खताची कमी हे कारण क्वचितच निघतं. बहुतेक वेळा झाडाला विश्रांती मिळालेली नसते, किंवा ऊन नसतं, किंवा आपणच कळ्या धरायच्या फांद्या कापून टाकलेल्या असतात, किंवा झाडाचं फुलायचं वयच झालेलं नसतं. त्यामुळे खताबद्दल मी इथे जवळजवळ शेवटीच लिहिलं आहे. पुण्यात राहते, तेव्हा महिने पुण्याच्या हवेचे आहेत. तुमच्याकडे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतील.

पाणी तोडणं

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. आंबिया बहार (थंडी सरताना येणारा फुलोरा) धरायचा तर तो डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी बंद करतो, मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा) धरायचा तर मे महिन्यात. झाडाची वाढ थांबते, पानांत तयार झालेलं अन्न नव्या फुटीत खर्च न होता फांद्यांत साठतं, आणि पाणी परत मिळालं की झाड फुलोरा घेऊनच उठतं. याला ताण देणं म्हणतात. डाळिंबालाही हेच, लिंबालाही हेच. आपण घरात मोगरा लावतो तेव्हा मात्र ही गोष्ट साफ विसरतो, कारण कुंडीतलं झाड म्हणजे रोज सकाळी चहाच्या आधी पाणी, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आत्याने सांगितलं तसं, पण कुंडीला झेपेल अशा बेताने, मी पुढच्या थंडीत केलं ते असं. १५ डिसेंबरपासून रोजचं पाणी बंद. जमिनीतल्या मोगऱ्याला सरळ दोन-तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी चालतं. कुंडीतली माती दोन-तीन दिवसांत खडखडीत होते, तिथे इतकं कडक राहता येत नाही. दुपारी पानं मलूल झाली आणि संध्याकाळी परत सावरली तर काही करायचं नाही. संध्याकाळीही माना टाकलेल्याच दिसल्या तर एक फुलपात्र पाणी, त्याहून जास्त नाही. तीनेक आठवड्यांत खालची पानं पिवळी होऊन गळायला लागतात. इथे मन घट्ट करावं लागतं. घरातल्या कोणाला तरी दया येते आणि गुपचूप पाणी घातलं जातं. आमच्याकडे सासूबाई. शेवटी कुंडीला चिठ्ठी चिकटवली: 'हे झाड मुद्दाम तहानलेलं ठेवलं आहे.'

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी. वाळकी आणि काडीसारखी बारीक फांदी बुडापासून, बाकी प्रत्येक फांदी निम्मी. छाटून उरलेली पानंही हाताने खुडून टाकली. झाड अगदी भकास दिसतं, ते तसंच दिसायला हवं. वरची दोन बोटं माती खुरप्याने सैल करून काढून घेतली, दोन दिवस कुंडी तशीच उन्हात राहू दिली, मग त्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत आणि माती निम्मी-निम्मी भरली आणि बुडातल्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी दिलं. इथून पुढे पाण्यात कसूर नाही. पंधराएक दिवसांत डोळे फुगले. नव्या फुटीच्या शेंड्याला बहुधा तिनाच्या झुबक्याने कळ्या येतात, मधली आधी मोठी होते. माझी पहिली कळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दिसली. एप्रिलमध्ये रोज ओंजळभर निघायला लागल्या. फुलं संपलेला शेंडा दोन पेरं मागे खुडला की तिथून दोन फुटवे येतात आणि त्यांनाही कळ्या लागतात. जूनपर्यंत असे दोन-तीन बहर सहज घेता येतात.

मोगरा साधा असो, बटमोगरा असो की मदनबाण, कृती तीच. जाई-जुईलाही डिसेंबर-जानेवारीची छाटणी मानवते. कुंदाचं मात्र उलट. तो थंडीतच फुलतो, त्याला त्याच दिवशी कात्री लावाल तर फुललेला कुंद कचऱ्यात जाईल. त्याची छाटणी फुलं संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला.

आणि ताण सगळ्यांना द्यायचा नसतो. वर्षाच्या आतलं रोप, नुकतीच कुंडी बदललेलं झाड, कीड लागून आधीच खंगलेलं झाड यांच्यावर हा प्रयोग करू नका. जास्वंद आणि अनंत यांनाही नको. अनंताचं पाणी दोन दिवस चुकलं की तो आहेत त्या कळ्याही टाकून मोकळा होतो.

बोगनवेलीला ताणाइतकं दुसरं काही आवडत नाही. महामार्गाच्या दुभाजकावर, टँकरचं पाणी कधी येईल याचा नेम नाही अशा जागी ती रंगाने पेटलेली असते आणि बंगल्यात हिरवळीच्या कडेला, रोज फवाऱ्याखाली भिजत नुसती काटे आणि पानं वाढवत बसते. उपाय सोपा आहे: लहान कुंडी, कडक ऊन, पानं लोंबायला लागल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात ती फुलली नाही म्हणून तक्रार करू नका, आकाशातून पाणी पडत असताना ताण कोण देणार? तिची वेळ दिवाळीनंतर ते मेपर्यंत.

ऊन की उजेड

"उजेड भरपूर येतो हो आमच्याकडे." हे मी किती वेळा ऐकलंय. उजेड पानांना पुरतो. मोगरा, गुलाब, बोगनवेल, मधुमालती, जास्वंद यांना फुलण्यासाठी थेट ऊन लागतं, पाच-सहा तास. पारखायला यंत्र नको. कुंडीवर हात धरा. सावलीची कड चाकूने कापल्यासारखी दिसली तर ते ऊन. सावली पुसट, पसरट असेल तर तो उजेड. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी कुंडीचा मोबाइलवर फोटो काढा, संध्याकाळी सगळे फोटो एकापाठोपाठ बघा. आपण समजतो त्यापेक्षा ऊन निम्मंच निघतं.

त्यातही एक फसगत आहे, ती दक्षिणेकडच्या बाल्कनीची. माझ्या मैत्रिणीने घर घेतलं तेव्हा जानेवारी होता. बाल्कनीतून ऊन थेट दिवाणखान्यातल्या सोफ्यापर्यंत येत होतं. तिने खुशीत सहा मोगरे आणले. मार्च गेला, एप्रिल गेला, कळी नाही. माझ्याकडून ताणाची सगळी कृती लिहून घेतली, तंतोतंत केली, तरी नाही. मी मे महिन्यात तिच्याकडे जेवायला गेले आणि दुपारी एक वाजता बाल्कनीत उभी राहिले तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाल्कनीत उन्हाची तिरीपही नव्हती.

पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आत खोलवर शिरतं. मग तो रोज थोडा थोडा वर सरकतो. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट माथ्यावर. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब छत्रीसारखा आडवा येतो आणि मोगऱ्याच्या ऐन हंगामात बाल्कनी सावलीत जाते. झाडाला ऊन मिळतं ते नेमकं आपण त्याला झोपवलेलं असतं तेव्हा.

तिचे मोगरे आम्ही इमारतीच्या गच्चीवर हलवले, महिनाभरात कळ्या. ज्यांना गच्ची नाही त्यांनी मार्च लागताच मोगरा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत, ग्रिलच्या बाहेरच्या कडेला न्यावा. दक्षिणेची बाल्कनी वाया गेली असं मुळीच नाही, तिथे थंडीत फुलणारं लावा: शेवंती, कुंद, बोगनवेल.

कात्री कधी लावली?

सोसायट्यांचा माळी महिन्यातून एकदा येतो आणि एकाच दिवशी, एकाच मोठ्या कात्रीने, कुंपणापासून चाफ्यापर्यंत सगळं एका उंचीत आणतो. दिसायला टापटीप. पण देवचाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो. टोक कापलं की त्या फांदीचं त्या हंगामाचं फूल गेलं. मग ती दोन फाटे काढते, ते जरा जून होतात न होतात तोच माळी परत येतो. आमच्या फाटकाजवळचा पांढरा चाफा अशाने चार वर्षं बोडका उभा होता. माळीकाकांना विनवून तेवढं एक झाड सोडायला लावलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याने गुच्छ धरले. थंडीत चाफ्याची पानं गळतात, ती गळू द्यावीत; मेलं समजून पाणी वाढवलं तर खोड कुजतं.

मोगरा, गुलाब, जास्वंद, जाई-जुई, बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. यांना छाटलं तर फुलं वाढतात. गुलाबाची पाऊस संपल्यावरची ऑक्टोबर छाटणी याचसाठी. तिथून साधारण दीड महिन्यात फूल हातात येतं. अनंत मात्र आधीच्या मोसमातल्या फांदीवर कळ्या धरतो. त्याला थंडीत छाटलंत तर उन्हाळ्यातल्या फुलांवर पाणी सोडा. त्याची जी काही काटछाट करायची ती फुलं संपताच, पावसाळ्यात. पारिजातक पावसाळ्यात वाढलेल्या कोवळ्या फांद्यांवर भाद्रपदापासून फुलतो. त्याला फेब्रुवारीत हवा तेवढा कापा, जुलैत हात लावू नका.

गुलाबाच्या बाबतीत अजून एक गोष्ट बघा. कलम जिथे बांधलंय त्या गाठीच्या खालून एखादा जोमदार, सरळसोट, भरपूर काट्यांचा फुटवा आला असेल आणि त्याची पानं बाकीच्या झाडाच्या पानांपेक्षा वेगळी, बारीक दिसत असतील, तर तो खुंटाचा रानगुलाब आहे. तो वरच्या झाडाचं सगळं पाणी पितो आणि हळूहळू तेच झाड होऊन बसतो. "आधी लाल फुलं यायची, आता झाड मोठं झालं पण फूल नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. कात्रीने न कापता, निघतो तिथून ओढून उपटून काढायचा.

वय आणि कलम

सोनचाफ्याने मला पैशाला फसवलं. म्हणजे चाफ्याने नव्हे, एका रोपवाटिकेने. 'कलम आहे ताई, वर्षात फूल' म्हणून रोप घेतलं. चार वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं, फूल नाही. मग एकदा खाली बसून खोड नीट पाहिलं. जमिनीपासून वर सरळ, गुळगुळीत. कुठे गाठ नाही, तिरका जोड नाही, कलमाला बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्टीचा वळ नाही. बियांचं रोप होतं. बियांचा सोनचाफा सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ फुलत नाही, आणि त्याला कुठल्याही खताने घाई करता येत नाही. कलम केलेला सोनचाफा वर्ष-दोन वर्षांत, कंबरेएवढा असतानाच फुलतो, कारण त्यावर बांधलेली काडी आधीच फुलणाऱ्या जुन्या झाडाची असते. वेलणकर सोनचाफा म्हणून जी जात मिळते ती अशी लवकर फुलणारी. विकत घेताना पान बघू नका, खोड बघा. आणि शक्य असेल तर रोपावर कळी असतानाच घ्या, म्हणजे वादच नको. माझं ते बियांचं झाड आम्ही गावी विहिरीशेजारी लावलं.

निशिगंधात वयाऐवजी कंदाचा आकार मोजायचा. सुपारीहून लहान कंद फुलाचा दांडा टाकत नाही, नुसती गवतासारखी पानं काढतो. फुलून गेलेला मोठा कंद परत फुलत नाही, त्याच्या भोवती पिल्लं होतात. दोन-तीन वर्षांत कुंडी पिल्लांनी खच्चून भरते आणि सगळीच उपाशी राहून कोणीच फुलत नाही. अशी कुंडी थंडीच्या शेवटी उलटी करायची, सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद वेगळे काढून दोन-दोन, तीन-तीन लावायचे, बारके दुसऱ्या कुंडीत वाढायला सोडायचे. मेमध्ये फुलणाऱ्या त्या लाल चेंडूच्या लिलीला याच्या नेमकं उलट लागतं. ती उकरली की रुसते. तिला थंडीत कोरडी ठेवा आणि विसरा.

ब्रह्मकमळाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडं सविस्तर. आपल्याकडे घरोघरी असतं ते मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, ते झाडच वेगळं आणि ते पुण्यात होणार नाही. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड आहे, म्हणूनच त्याच्या कडेच्या खाचेतून कळी निघते. शेजारणीने दिलेलं एक 'पान' खोचलं की ते लगेच रुजतं, पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. मधूनच काठीसारखे गोल, लांबच लांब फुटवे निघतात, ते कुरूप दिसतात म्हणून लोक छाटतात. छाटू नका, पुढे त्यांच्यावरच्या रुंद पानांना फुलं लागतात. जुनं जाड पान सुरकुतलं तरी ठेवा, फुलतं ते तेच. कुंडी मोठी करायची घाई नको, मुळं दाटलेली असली तर उत्तम. सकाळचं कोवळं ऊन आणि बाकी दिवसभर झाडाखालचा उजेड. फेब्रुवारी ते एप्रिल पाणी अगदी कमी, वळवाचा पाऊस सुरू झाला की वाढवा. आणि एकदा खाचेत लाल टिंबासारखी कळी दिसली की कुंडी जागची हलवू नका. फुलेल त्या रात्री आरतीचं ताट घेऊन सगळी इमारत येईलच, पण ती कुंडीपाशी येऊ दे, कुंडी तिच्याकडे नको.

दिव्याखालची शेवंती

हे कोडं मला दोन वर्षं सुटलं नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर शेवंतीच्या सहा कुंड्या होत्या, सगळ्या एकाच झाडाच्या काश्यांपासून (बुडातून फुटणाऱ्या पिल्लांपासून) केलेल्या, एकच माती, एकच पाणी. नोव्हेंबरात पाण्याच्या टाकीमागच्या दोन कुंड्या कळ्यांनी लगडल्या. उरलेल्या चार नुसत्या उंच वाढत राहिल्या. ऊन उलट या चारांनाच जास्त होतं. एकदा रात्री वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले तेव्हा दिसलं. सोसायटीने नव्याने लावलेला एलईडीचा दिवा रात्रभर त्या चार कुंड्यांवर पडत होता, इतका की पानांच्या शिरा मोजता याव्यात. टाकीमागे मात्र अंधार.

शेवंती रात्र मोजते. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध मांडला. त्यांच्यासमोर तंबाखूची मेरीलँड मॅमथ नावाची जात होती. उन्हाळ्यात ती फुलायचं नावच घेत नसे, दिवस लहान केला की फुले. पुढे कळलं की झाडाला दिवसाच्या लहानपणापेक्षा सलग अंधार महत्त्वाचा असतो. पुण्यात मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि लहानात लहान अकरा तासांचा. पावसाळा सरता सरता रात्र पुरेशी लांब झाली की शेवंती वाढ थांबवून कळ्या धरायला घेते. मधे दिवा लागला की तिच्या लेखी रात्र झालीच नाही. फुलशेतीवाले हीच युक्ती मुद्दाम वापरतात: फूल लांबवायचं तर शेतात रात्री दिवे लावायचे, लवकर हवं तर काळ्या कापडाने झाकून रात्र लांबवायची.

घरी करायचं काय? सप्टेंबरपासून कुंडी अशा जागी ठेवा जिथे रस्त्याचा, जिन्याचा, शेजारच्या दुकानाच्या पाटीचा दिवा पडत नाही. जागा नसेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला मोठं खोकं पालथं घाला आणि सकाळी काढा, कळ्यांना रंग दिसेपर्यंत, रोज. एक दिवस घालायचं आणि दोन दिवस विसरायचं, यात अर्थ नाही. शेंडे खुडायचे ते ऑगस्टच्या अखेरीपर्यंतच, त्यानंतर खुडलंत तर कळ्याच खुडाल. नाताळात लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाचं दुसऱ्या वर्षी हिरवंच राहणं याच कारणाने असतं. त्याला तर रोज सुमारे १४ तास अंधार लागतो, सलग दोन-अडीच महिने.

अनंत आणि बोअरचं पाणी

कोकणात तांबड्या मातीत परसदारी अनंत न बघता वाढतो आणि पुण्यात आणला की वर्षात पिवळा पडतो. त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, आणि त्यावर बोअरचं जड पाणी. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलेली दिसते ना, ती त्या पाण्यातल्या क्षारांची. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. खूण अगदी ठरलेली: शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. असं झाड कळी धरत नाही, धरली तरी वाटाण्याएवढी होऊन गळते.

मी कुंडीतली माती बदलून तांबडी माती, कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत घेतलं. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून मातीत घालते. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जन्मात निघत नाहीत. माती फारच चुनखडीची असेल तर हिराकस तिथे लगेच निकामी होतं, त्यापेक्षा ईडीडीएचए लिहिलेलं चिलेटेड लोह घ्यावं. पावसाळ्यात पागोळीखाली पिंप ठेवून जमेल तेवढं पाणी या एका झाडासाठी राखून ठेवते. आणि चुलीची राख अनंताला कधीही नाही, ती माती अजून अल्कधर्मी करते.

आता खत

शेंगदाणा पेंडीत नत्र भरपूर, सात टक्क्यांच्या आसपास. नत्राने पानं होतात. म्हणजे मी दोन वर्षं इमाने-इतबारे पानांचं टॉनिक घालत होते. युरियाचं तेच, आणि न कुजलेल्या शेणाचंही थोडंफार तेच. पेंड वाईट नाही, छाटणीनंतर फूट यावी म्हणून एकदा-दोनदा द्यावी आणि थांबावं. केळीच्या सालीच्या पाण्याने चमत्कार होत नाही; त्यात पालाश असतं पण इतकं थोडं की साल सरळ कंपोस्टमध्ये टाकलेली बरी.

खरंच द्यायचं तर नवी फूट चार-पाच पानांची झाली की शून्य-बावन्न-चौतीस (नत्र शून्य, स्फुरद ५२ आणि पालाश ३४ टक्के असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला एक-दीड ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. त्याचं पाकीट मोठं येतं, चार घरांत वाटून घ्या. जास्त घातल्याने जास्त फुलं येत नाहीत. स्फुरद साचलं की झाडाला लोह आणि जस्त मिळेनासं होतं आणि अनंतासारखी पिवळी पानं मोगऱ्यावर दिसायला लागतात. सावलीतल्या झाडाला यातलं काहीही घालून उपयोग नाही.

कळी येते आणि गळते

हे दुखणं वेगळं. मोगऱ्याच्या कळ्या बुडाशी फुगून जांभळट पडतात आणि उमलायच्या आत गळतात. अशी एक कळी नखाने उभी चिरून बघा, आत बारीक पांढरट अळ्या वळवळताना दिसतील. ती कळीमाशीची पिल्लं. कळीला भोक दिसलं आणि आत हिरवट अळी असली तर ती कळी पोखरणारी अळी. दोन्हीला दर आठवड्याला संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याच्या साबणाबरोबर ढवळून. जास्वंदाच्या कळ्या गळत असतील तर देठांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका शोधा, तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, उरलेला जुन्या टूथब्रशने, मग फवारा. गणपतीत फुलं हवी असतील तर हे जुलैतच सुरू करावं लागतं.

मोगऱ्याच्या गळलेल्या कळ्या रोजच्या रोज वेचा. कळीमाशीची अळी कुंडीच्या मातीत उतरूनच कोषात जाते, तेव्हा कळ्या तिथे पडून राहिल्या तर फवारणीला अर्थ उरत नाही. कंपोस्टच्या ड्रममध्येही टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात द्या, आणि वरची बोटभर माती दर आठवड्याला उकरत राहा.